फानीचा लेखक आणि एटोशाचा अहवाल

आज नामिबिया म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशाच्या उत्तर भागात एटोशा नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचे, क्षारांनी माखलेले, बहुतेक काळ कोरडेच असणारे एक पांढरेफटक तळे आणि त्याच्या दक्षिण काठाने असलेले पाणवठे अशी या प्रदेशाची ढोबळ रचना आहे. उन्हाळा कडक होऊ लागला की हत्ती, सिंह, गेंडे आणि झेब्रे या पाणवठ्यांवर येतात, आणि जगभरचे पर्यटक ते पाहायला जातात. या उद्यानाच्या इतिहासातला एक योगायोग मात्र फारसा सांगितला जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या वन्यप्राण्यांच्या देखरेखीसाठी पूर्णवेळ अधिकारी नेमला जाऊ लागला, तेव्हा हे पद लागोपाठ दोनदा आफ्रिकान्स भाषेतल्या लोकप्रिय लेखकांकडे गेले. पहिले होते ए. ए. पीनार. ‘सांगिरो’ या टोपणनावाने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सिंहांच्या आणि रानातल्या जीवनाच्या गोष्टींनी आफ्रिकान्समध्ये प्राणिकथेची परंपराच सुरू केली. दुसरे होते पी. जे. स्कूमन, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

१९०४ साली जन्मलेल्या स्कूमन यांनी मुलांसाठी शिकारीच्या आणि माळरानावरच्या साहसकथा लिहिल्या; फानी हा त्यांतलाच एक बालनायक. ते विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकवत असत. पुढे ते एटोशाचे वन्यजीव अधिकारी झाले, आणि ‘बुशमन’ म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण भागात परंपरेने शिकारीवर जगणाऱ्या सान लोकांचे जतन कसे करावे हे ठरवण्यासाठी नेमलेल्या सरकारी आयोगाचे अध्यक्षही झाले. त्या आयोगाच्या अंतिम अहवालानंतर वर्षभराच्या आत एटोशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हाइओम या सान समूहातल्या लोकांना तिथून बाहेर काढण्यात आले. बुशमनांविषयी इतक्या जिव्हाळ्याने लिहिणाऱ्या माणसाच्या हातून असे कसे घडले, हा प्रश्न वाचकाला साहजिकच पडतो. लेखक मनाने चांगला होता पण अधिकारी कठोर निघाला, असे त्याचे सोपे उत्तर देता येईल, पण ते मला पटत नाही. त्यांच्या गोष्टींतला जिव्हाळा आणि अहवालातला निर्णय या दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना होती, असे मला वाटते. ती कल्पना समजून घ्यायची तर थोडे मागे जाऊन आफ्रिकान्स भाषेत मुलांच्या साहसकथेला एवढे महत्त्व का आले, हे आधी पाहावे लागते.

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ केप येथे ठाणे वसवले. तिथे आलेले युरोपीय वसाहतवाले, तिथलेच खोइखोइ पशुपालक आणि हिंदी महासागराच्या काठाकाठाने पकडून आणलेले गुलाम यांच्या रोजच्या व्यवहारातून डचपासून वेगळी होत गेलेली भाषा म्हणजे आफ्रिकान्स. त्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे लोकही होते, ही बाब भारतीय वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. दीर्घकाळ ही भाषा स्वयंपाकघराची आणि शेतावरची बोली मानली गेली. चर्च, शाळा आणि कचेरी डच किंवा इंग्रजीतून चालत असे. १८७५ मध्ये पार्ल या गावी तिच्या पुरस्कर्त्यांनी संस्था काढली, १९१४ पासून ती शाळेत शिकवता येऊ लागली, १९२५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल तिच्यात छापले गेले. म्हणजे अवघ्या दोन पिढ्यांत या भाषेला बोलीपासून राज्यकारभारापर्यंतचा प्रवास करावा लागला.

राजभाषा झालेल्या भाषेला वाचक लागतात, आणि वाचक लहानपणीच घडतात. शाळेत इंग्रजी पुस्तकांचा सुळसुळाट असताना आपल्या मुलांनी आपल्याच भाषेत हपापून वाचावे असे काहीतरी आफ्रिकान्स शिक्षकांना आणि प्रकाशकांना हवे होते, आणि हपापून वाचण्यासाठी साहसकथेसारखा दुसरा प्रकार नाही. त्यामुळे १९२० ते १९६० या काळात या प्रकाराला भरती आली. मिक्रो या टोपणनावाने लिहिणाऱ्या सी. एच. क्यून यांनी बोअर युद्धातल्या (डच वंशाचे बोअर शेतकरी आणि ब्रिटिश यांच्यातल्या १८९९ ते १९०२ च्या युद्धातल्या) एका रात्रीच्या घोडेस्वाराच्या कथा लिहिल्या; स्टेला ब्लेकमोर यांनी स्वतःच्या नावाने मुलींच्या शाळेची मालिका लिहिली आणि थ्युनिस क्रोख असे पुरुषी टोपणनाव घेऊन मुलांच्या वसतिगृहाची. तेव्हाच्या प्रकाशन व्यवहाराविषयी ही एक गोष्टच बरेच काही सांगून जाते. शिवाय दक्षिण आफ्रिकेत दूरचित्रवाणी सुरू झाली ती थेट १९७६ मध्ये. तोपर्यंत आफ्रिकान्स घरातल्या मुलांसमोर रेडिओ आणि पुस्तक एवढेच पर्याय होते.

या साहसकथांचे घटनास्थळ बहुतेक वेळा माळरान असे, आणि ते तसे असण्याला सामाजिक कारण होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आफ्रिकानेर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणारा गोरा समाज मोठ्या प्रमाणात शेतकरी होता. बोअर युद्धातली जाळपोळ, दुष्काळ, शेतीचे तुकडे होणे आणि नंतरची जागतिक मंदी यांमुळे हजारो कुटुंबे जमीन सोडून जोहान्सबर्गच्या खाणींकडे आणि रेल्वेच्या नोकऱ्यांकडे वळली. कार्नेगी आयोगाचा ‘गरीब गोऱ्यां’विषयीचा अहवाल १९३२ मध्ये आला आणि या स्थलांतराची तीव्रता सर्वांसमोर आली. ज्यांचे आजोबा बैलगाडीतून मुलूख पालथा घालत होते, त्यांची नातवंडे शहरातल्या भाड्याच्या खोलीत वाढू लागली. अशा वेळी माग काढणारा, बंदूक पेलणारा, पाणी कुठे सापडेल हे जाणणारा मुलगा गोष्टीत आला, तर तो निव्वळ करमणुकीचा नायक राहत नाही. आपण मूळचे कोण होतो, हे तो त्या नातवंडांना सांगत असतो.

स्कूमन यांचा फानी हा याच घराण्यातला नायक. ‘फानीचे माळावरच्या शाळेचे दिवस’ आणि ‘फानी मोठ्या जनावरांचा शिकारी होतो’ अशा अर्थाच्या शीर्षकांवरूनच कथानकाचा ओघ कळतो: मुलाची खरी शाळा चार भिंतींत नसून माळावर आहे, आणि त्या शाळेतून उत्तीर्ण होणे म्हणजे मोठ्या शिकारीला पात्र होणे. या साऱ्या साहित्यप्रकारात गोऱ्या मुलाला रानाचे वाचन शिकवणारा गुरू बहुधा काळा किंवा बुशमन असतो. तो वयाने मोठा, अनुभवाने समृद्ध आणि स्वभावाने निष्ठावान असतो. त्याच्याविषयी आदर आणि प्रेम ओसंडून व्यक्त केलेले असते. शिक्षण पूर्ण झाले की मुलगा मालक होतो आणि गुरू मागे राहतो, रानात, जिथे तो शोभतो असे लेखकाला वाटते तिथे. आदर खरा असतो, पण तो एका अटीवर दिलेला असतो: गुरूने बदलता कामा नये.

या अटीला शास्त्राचा आधार कसा मिळाला, हे समजण्यासाठी स्कूमन यांच्या दुसऱ्या व्यवसायाकडे वळावे लागते. त्यांनी मानववंशशास्त्राचे शिक्षण घेतले, ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांच्यासारख्या त्या काळातल्या सर्वांत प्रभावी अभ्यासकाच्या विचारांशी त्यांचा थेट परिचय होता, आणि स्वाझी लोकांमध्ये त्यांनी प्रत्यक्ष राहून अभ्यास केला. स्वाझींच्या पर्जन्यविधीवरचा त्यांचा लेख १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते स्टेलेनबॉश विद्यापीठात शिकवू लागले. तिथे या विषयाला ‘फोल्केकुंडे’ म्हणत आणि त्याचा पाया डब्ल्यू. डब्ल्यू. एम. आयसेलेन यांनी घातला होता. आयसेलेन पुढे सरकारी सेवेत गेले, आणि काळ्या मुलांचे शिक्षण वेगळे आणि दुय्यम ठेवणारा १९५३ चा कायदा ज्या आयोगाच्या शिफारशींवर उभा राहिला, त्याचे ते अध्यक्ष होते. वर्णभेदाच्या राज्यव्यवस्थेचा शिल्पकार मानला जाणारा हेन्ड्रिक फर्वूर्टही आधी स्टेलेनबॉशलाच प्राध्यापक होता. एका छोट्या द्राक्षबागांच्या गावातल्या विद्यापीठाने देशाच्या धोरणावर इतका परिणाम करावा, हे आश्चर्य वाटण्यासारखे असले तरी तसे झाले खरे.

फोल्केकुंडेचा मूळ विचार साध्या शब्दांत असा मांडता येईल. जग हे व्यक्तींचे नसून वेगवेगळ्या लोकसमूहांचे बनलेले आहे. प्रत्येक समूहाची भाषा, रूढी, श्रद्धा आणि भूमी मिळून एक अखंड संस्कृती होते. समूहाने आपल्याच वाटेने विकसित व्हावे, दुसऱ्यात मिसळू नये. मिसळला तर तो बिघडतो, त्याला धड ना आपले राहता येते, ना दुसऱ्याचे होता येते. वरवर पाहता यात परसंस्कृतीविषयी आदर दिसतो, आणि अनेक अभ्यासकांना तो मनापासून वाटतही होता. पण या विचाराचा व्यवहारातला परिणाम दुहेरी होतो. जे लोक ‘अस्सल’ ठरतात त्यांना वेगळ्या कोपऱ्यात राखून ठेवायचे, आणि जे मिसळले आहेत त्यांना, आता राखण्यासारखे काही उरले नाही असे म्हणून, मजुरांच्या बाजारात सोडून द्यायचे. गोम अशी की कोण अस्सल आणि कोण मिसळलेला, हे ठरवण्याचा अधिकार त्या लोकांकडे नसतो. तो अभ्यासकाकडे आणि त्याच्यामागून येणाऱ्या कचेरीकडे असतो.

आता एटोशाकडे जाऊ. जर्मनांच्या ताब्यात असलेल्या नैर्ऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात, गव्हर्नर फ्रीडरिख फॉन लिंडेक्विस्ट यांनी १९०७ मध्ये तीन राखीव वन्यप्रदेश जाहीर केले. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाच्या प्रदेशात एटोशाचे तळे आणि पश्चिमेचा मोठा मुलूख येत होता. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने ही वसाहत जिंकली आणि १९२० पासून राष्ट्रसंघाच्या आदेशाने तिचा कारभार दक्षिण आफ्रिकेकडे आला. या साऱ्या बदलांत पाणवठ्यांच्या आसपास हाइओम लोकांच्या वस्त्या होत्या. त्यांच्या नावाच्या मध्यभागी एक टिचकीचा उच्चार आहे, जिभेच्या कडेने काढलेला. आपल्याकडे बैल किंवा घोडा हाकताना गाडीवान तोंडाने जो आवाज करतो, तसाच तो ऐकू येतो. नागरी लिपीत त्याला चिन्ह नाही, म्हणून इथे ‘हाइओम’ असे लिहिले आहे. नामिबियातल्या सान समूहांपैकी हा संख्येने सर्वांत मोठा. त्यांची भाषा मात्र इतर अनेक सान भाषांहून वेगळी, नामा आणि दामारा लोकांच्या खोइखोइ भाषेला जवळची आहे. ‘बुशमन’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले. या लेखात ते जुन्या कागदपत्रांच्या संदर्भातच वापरले आहे.

राखीव प्रदेश जाहीर झाला तरी हाइओमांना हाकलण्यात आले नाही. धनुष्यबाणाने शिकार करण्याची मुभा, काही प्राण्यांवर बंदी, बंदुकीला मनाई आणि पाळीव जनावरांवर मर्यादा अशा नियमांखाली ते तिथेच राहिले. त्यामागे उदारता फारशी नव्हती. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने ते त्या प्रदेशाच्या निसर्गाचाच भाग होते. प्राणी राखायचे तसेच हेही राखायचे. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरहून आलेल्या एका मोहिमेने इथल्या बुशमनांचे चित्रीकरण केले, तेही मानवजातीच्या आदिम अवस्थेचा नमुना म्हणून. प्रत्यक्षात याच काळात हाइओम माणसे रस्त्यांवर काम करत होती, एटोशातल्याच नामुटोनीच्या किल्ल्यातल्या पोलिसांकडे चाकरीला होती, औट्यो, त्सुमेब आणि ग्रूटफॉन्टाइन या भागांतल्या गोऱ्यांच्या शेतांवर हंगामी मजुरी करून पुन्हा आपल्या पाणवठ्याकडे परतत होती, शेळ्या आणि गाढवे पाळत होती, कापडाचे कपडे घालत होती. उत्तरेच्या ओवाम्बो लोकांशी त्यांचा देवाणघेवाणीचा जुना संबंध होता. थोडक्यात, जगातल्या कुठल्याही समाजाप्रमाणे तेही परिस्थितीशी जुळवून घेत होते.

१९४८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाचे धोरण राबवणारी नॅशनल पार्टी सत्तेवर आली. १९४९ मध्ये नैर्ऋत्य आफ्रिकेच्या प्रशासनाने बुशमनांच्या जतनासाठी आयोग नेमला आणि स्कूमन त्याचे अध्यक्ष झाले. याच सुमारास त्यांचे ‘वाळवंटी मुलखातले शिकारी’ अशा अर्थाचे पुस्तक आले. १९५१ मध्ये आफ्रिकान्समध्ये आणि १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकात त्या मुलखातली भटकंती, प्राणी आणि बुशमन शिकारी यांचे चित्रण आहे. एटोशाचे अधिकारीपदही त्यांच्याकडे १९५१ च्या सुमारास आले. म्हणजे वाचकांसाठी रंगवलेले चित्र, सरकारसाठी लिहिलेला अहवाल आणि प्रदेशाचा प्रत्यक्ष कारभार ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे, जवळजवळ एकाच वेळी होती. चरित्रात्मक दृष्टीने त्यांच्या आयुष्याचा हाच भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आयोगाच्या सुरुवातीच्या अहवालात दोन राखीव प्रदेश सुचवले होते: एक पूर्वेकडच्या कुंग या दुसऱ्या सान समूहासाठी आणि दुसरा हाइओमांसाठी, एटोशाला लागून. १९५३ च्या अंतिम अहवालात हाइओमांचा प्रदेश गायब झाला. कारण असे दिले गेले की हाइओमांना ‘बुशमन म्हणून’ जतन करण्यासारखे आता काही राहिलेले नाही. त्यांचे इतरांत मिसळणे फार पुढे गेले आहे, ते भटके जीवन सोडून शेजाऱ्यांप्रमाणे शेती आणि पशुपालनाकडे वळत आहेत. ही मांडणी नीट वाचण्यासारखी आहे. आयोगाने हाइओमांविषयी द्वेषाचा शब्द काढलेला नाही, किंवा त्यांनी काही गुन्हा केला असेही म्हटलेले नाही. त्यांचा दोष इतकाच की ते लेखकाच्या आणि अभ्यासकाच्या मनातल्या बुशमनासारखे दिसत नव्हते. शेळी पाळणे, पगार घेणे, सदरा घालणे या गोष्टी त्यांच्या जमिनीवरच्या हक्काच्या विरोधातला पुरावा ठरल्या. जी माणसे आणखी दूर, रस्त्यांपासून लांब राहत होती, तीच काय ती जतनास पात्र ठरली. आणि त्यांच्यासाठीचा वेगळा प्रदेशही ‘बुशमनलँड’ म्हणून अस्तित्वात यायला १९७० उजाडावे लागले.

स्कूमन यांनी एकट्याने हे सारे घडवले असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि इतिहासाला धरूनही नसेल. हाइओमांनी एटोशा सोडावे असे वाटणाऱ्या शक्ती त्यांच्या आधीपासून तिथे होत्या. आसपासच्या गोऱ्या शेतकऱ्यांना मजुरांची कायम टंचाई भासत असे, आणि राखीव प्रदेशात आसरा असेपर्यंत माणसे शेतावर बांधून राहत नाहीत अशी त्यांची तक्रार होती. शिकारीमुळे प्राणी घटतात असे म्हणणाऱ्या अधिकाऱ्यांचा गट होता. पर्यटनाची स्वप्ने दिसू लागली होती. पन्नाशीच्या दशकातच ओकाउक्वेयो आणि नामुटोनी इथे पर्यटकांच्या राहण्याची सोय होऊ लागली. सरकारला या सगळ्यांचे हित साधायचे होते. तरीही निव्वळ हितसंबंध उघडपणे मांडणे कोणत्याही राजवटीला अवघड जाते. ‘आम्हाला मजूर हवे आहेत’ यापेक्षा ‘इथे जतन करण्यासारखे काही उरले नाही, असे तज्ज्ञांचे मत आहे’ हे वाक्य फाइलमध्ये कितीतरी सभ्य दिसते. ते वाक्य पुरवणे हे स्कूमन यांच्या आयोगाचे काम झाले, आणि तज्ज्ञाचा लौकिक, लेखकाची लोकप्रियता व अधिकाऱ्याचे पद या तिन्हींमुळे त्या वाक्याला वजन आले.

१९५४ च्या सुरुवातीला ओवाम्बोलँडच्या आयुक्तांनी नामुटोनी आणि ओकाउक्वेयो येथे हाइओमांना जमवून त्यांना एटोशा सोडण्याचा आदेश सांगितला. उत्तरेला ओवाम्बोलँडमध्ये जा किंवा दक्षिणेकडच्या शेतांवर कामाला लागा, असे दोनच मार्ग त्यांच्यापुढे ठेवले गेले. वन्यजीव खात्याकडे नोकरीत असलेली मोजकी कुटुंबे तेवढी राहू शकली, तीही चाकर म्हणून. माग काढण्यात, प्राणी ओळखण्यात आणि रस्ते बांधण्यात त्यांचे कौशल्य उद्यानाला पुढेही हवेच होते. स्टेलेनबॉशहून आलेले तरुण जीवशास्त्रज्ञ बर्नाबे द ला बात १९५३ मध्ये एटोशात रुजू झाले आणि स्कूमन यांच्यानंतर त्यांनी सूत्रे हाती घेतली. पुढच्या दोन दशकांत एटोशा हे आजच्यासारखे आधुनिक, कुंपण घातलेले, शास्त्रशुद्ध व्यवस्थापनाचे उद्यान झाले. १९६७ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. आज त्याचे क्षेत्र सुमारे २२,००० चौरस किलोमीटर आहे, जर्मन काळातल्या मूळ राखीव प्रदेशाच्या मानाने बरेच कमी.

एवढे कळल्यावर स्कूमन यांची मुलांची पुस्तके कशी वाचायची, असा प्रश्न राहतो. ती टाकून द्यावीत असे मला वाटत नाही. माळरान, पाऊलखुणा आणि जनावरांच्या हालचाली यांचे निरीक्षण या परंपरेतल्या चांगल्या लेखकांकडे अस्सल आहे, आणि नव्या, घडत्या भाषेत असे गद्य लिहिणे सोपे नव्हते. आफ्रिकान्सच्या पुढच्या पिढ्यांच्या निसर्गलेखनाचा पाया या लेखकांनी घातला. मात्र वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. गोष्टीतल्या रानात राहणाऱ्या माणसाला भूतकाळ असतो, कौशल्य असते, विनोदबुद्धीही असते. पण त्याला उद्या नसतो. त्याला जमिनीचा कागद नको असतो, मुलांना शाळेत घालायचे नसते, मजुरी वाढवून मागायची नसते. नायक मुलगा प्रत्येक प्रकरणात मोठा होत जातो आणि त्याला घडवणारा माणूस पहिल्या पानावर जसा होता तसाच शेवटच्या पानावर असतो. साहसकथेच्या साच्याची ही गरज आहे हे खरे, आणि हा साचा केवळ आफ्रिकान्समध्ये आहे असेही नाही. पण त्याच साच्यातून माणसांकडे पाहायची सवय लागलेल्या लेखकाला सरकारने खऱ्या माणसांविषयी निकाल द्यायला सांगितले, आणि खरी माणसे त्या साच्यात बसेनात, तेव्हा त्याने साचा कायम ठेवला.

आफ्रिकान्स भाषेचेही चित्र पुढे पालटले. १६ जून १९७६ रोजी सोवेटो या जोहान्सबर्गजवळच्या काळ्यांच्या वस्तीतल्या विद्यार्थ्यांनी शाळांतल्या आफ्रिकान्सच्या सक्तीविरुद्ध मोर्चा काढला आणि पोलिसांच्या गोळीबारात मुले मारली गेली. ज्या भाषेने आपल्या मुलांना जिंकण्यासाठी इतकी धडपड केली होती, ती दुसऱ्यांच्या मुलांना सत्तेची भाषा वाटू लागली होती. आज या भाषेचे निम्म्याहून अधिक भाषक गोरे नाहीत. नामिबियातही घराघरांत आणि बाजारात ती बोलली जाते, आणि शेतांवर वाढलेल्या कित्येक हाइओमांनाही ती येते.

नामिबिया २१ मार्च १९९० रोजी स्वतंत्र झाला, पण एटोशाचा प्रश्न सुटला नाही. १९९१ मध्ये विंडहुक येथे झालेल्या राष्ट्रीय जमीन परिषदेने पूर्वजांच्या जमिनींचे दावे विचारात न घेण्याचा मार्ग स्वीकारला. एकाच जमिनीवर वेगवेगळ्या काळात वेगवेगळे समूह राहिले असल्याने असे दावे सोडवणे अशक्य आहे, असे त्यामागचे म्हणणे होते. दक्षिण आफ्रिकेने याच्या उलट, १९१३ नंतर हिरावलेल्या जमिनींच्या परतफेडीचा कायदा १९९४ मध्ये केला, आणि त्याखाली कालाहारीच्या राष्ट्रीय उद्यानातून बाहेर काढलेल्या सान लोकांना १९९९ मध्ये उद्यानाच्या आतली आणि बाहेरची जमीन मिळाली. सीमेच्या दोन बाजूंना सारखाच इतिहास असलेल्या लोकांचे नशीब वेगळे निघाले ते या कायद्यामुळे.

जानेवारी १९९७ मध्ये हाइओम आंदोलकांनी एटोशाच्या प्रवेशद्वारांवर रस्ता अडवला. पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि ७३ जणांना अटक केली. त्यानंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सरकारने उद्यानाच्या दक्षिण सीमेला लागून काही शेते विकत घेऊन तिथे हाइओम कुटुंबांचे पुनर्वसन सुरू केले. पुनर्वसन म्हणजे हक्काची मान्यता नव्हे, असे अनेकांचे म्हणणे होते, म्हणून २०१५ मध्ये त्यांच्यापैकी काही जण न्यायालयात गेले. समाजातल्या आठ जणांनी साऱ्या हाइओमांच्या वतीने असा सामूहिक दावा दाखल करता येतो का, हाच प्रश्न आधी सुनावणीला आला. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नाही म्हटले, आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. एटोशाची जमीन कोणाची होती आणि १९५४ चा आदेश वैध होता का, या मुद्द्यांपर्यंत खटला पोहोचलाच नाही.